मोफत दिलेल्या तासाचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी सांभाळून एका सेवाभावी संस्थेचं काम करता. ठरलं होतं आठवड्याला दोन तास. आता रोज रात्री संस्थेचे मेसेज येतात, रविवार तिकडेच जातो आणि नाही म्हटलं की अपराधी वाटतं. पैसे घ्यायचे नाहीत. पण आपल्या वेळेला किंमत आहे, हे आधी स्वतःला आणि मग संस्थेला कसं पटवायचं?

वेळेची किंमत काढणं म्हणजे पैसे मागणं, हे आधी डोक्यातून काढून टाका. किंमत काढायची ती निर्णयांसाठी. कोणतं काम आपण करायचं, कोणतं सोपवायचं, कुठे थांबायचं, हे त्यावरून कळतं. तुम्ही देताय ती देणगीच आहे, फक्त तासांत. रोख देणगी देणारा माणूस रक्कम आधी ठरवतो, कशासाठी ते सांगतो, पावती घेतो आणि पुढच्या वर्षी देण्याआधी मागचे पैसे कुठे गेले ते विचारतो. कोऱ्या चेकवर सही करून कोणी देत नाही. तासांच्या बाबतीत मात्र बहुतेक स्वयंसेवक नेमकं तेच करतात, आणि मग वर्षभरात लष्कराच्या भाकऱ्या भाजून थकले म्हणून एक दिवस अचानक दिसेनासे होतात. संस्थेचंही त्यात नुकसानच होतं.

सुरुवात मोजण्यापासून करा. चार आठवडे नोंद ठेवा. वही चालेल, मोबाइलमधली नोट चालेल. रकाने पाच: तारीख, काम, सुरुवात, शेवट आणि 'कोणी सांगितलं'. हा शेवटचा रकाना कोणी ठेवत नाही, आणि सगळ्यात जास्त माहिती त्यातूनच मिळते. महिन्याअखेरीस तो वाचला की दिसतं की निम्मी कामं अशा माणसाकडून आली ज्याला ती सांगायचा अधिकारच नव्हता; किंवा कोणी सांगितलीच नव्हती, आपणच अंगावर घेतली. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हे कळायला हवं.

नोंद पंधरा मिनिटांच्या टप्प्यात करा आणि वरच्या टप्प्याला धरा. पाच मिनिटांचा फोन म्हणजे पंधरा मिनिटं, कारण हातातलं काम सोडून पुन्हा त्यात शिरायलाही वेळ जातो. नोंद त्याच दिवशी करा. रविवारी बसून आठवड्याची नोंद आठवून लिहिली तर फक्त बैठका आणि कार्यक्रम लक्षात राहतात. जे खरं पोखरतं ते, म्हणजे मेसेज, फाइल शोधणं, कोणाला तरी आठवण करणं, गळून जातं.

एका मासिक बैठकीचं उदाहरण घेऊ. कागदावर ती दोन तासांची असते. आता घड्याळाची नेमकी मिनिटं बघा: मागचं इतिवृत्त आणि विषयपत्रिका वाचणं ३० मिनिटं, जाण्यायेण्याचा प्रवास ७५, सगळे येईपर्यंत थांबणं २५, प्रत्यक्ष बैठक लांबली म्हणून १४०, संपल्यावर दारात उभं राहून झालेली चर्चा २०, घरी येऊन इतिवृत्त लिहिणं ६०, त्यावरच्या दुरुस्त्यांची मेसेजबाजी ३०. बेरीज ३८० मिनिटं, म्हणजे सहा तास वीस मिनिटं. दोन तास देतो असं तुम्हाला वाटतं, संस्थेलाही वाटतं, आणि जातात त्याच्या तिप्पट. तक्रार करण्याऐवजी यातलं काय कापता येतं ते पाहा. इतिवृत्त बैठकीतच लिहायचं आणि त्यात तीनच गोष्टी घ्यायच्या: निर्णय, जबाबदार व्यक्ती, तारीख. कोण काय बोललं हे लिहायचं नाही. शेवटी ते मोठ्याने वाचून तिथल्या तिथे मंजूर करून घेतलं की ६० आणि ३० मिनिटांची जागा दहा-पंधरा मिनिटं घेतात. प्रवास टाळायचा असेल तर एक बैठक सोडून एक ऑनलाइन घ्या. पंचवीस मिनिटं थांबण्यावर इलाज एकच, ठरल्या वेळेला सुरू करायची, तीनच माणसं असली तरी. हे पहिल्या दोन वेळा कडू लागतं.

दारातल्या गप्पा मोजायच्या का? त्या तुम्हाला आवडत असतील तर नका मोजू. ज्या वेळेतून तुम्हालाही काही मिळतं, ती सगळी खर्चात टाकली की हिशोब फुगतो आणि उगीच कडवटपणा येतो.

आता किंमत. अर्थशास्त्रात याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्हींचा उपयोग वेगळा. पहिली, संधी-खर्च: हाच तास कमाईला लावला असता तर किती मिळालं असतं. दुसरी, बदली-खर्च: हेच काम पैसे देऊन करून घ्यायचं तर संस्थेला किती पडलं असतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये स्वयंसेवी काम मोजण्याची जी पुस्तिका काढली, तिने बदली-खर्चाची शिफारस केली आहे. कारण सरळ आहे: संस्थेला फायदा होतो तो कामाचा, करणाऱ्याच्या पगाराचा नाही.

स्वतःच्या तासाचा दर काढताना लोक महिन्याचा पगार घेतात आणि त्याला तीस दिवस गुणिले चोवीस तासांनी भागतात. दर हास्यास्पद कमी येतो. योग्य भाजक असा: वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याला ५ कामाचे दिवस म्हणजे २६०, त्यातून सुट्ट्या आणि रजा मिळून समजा ३० वजा, उरले २३०. रोजचे ८ तास धरले तर १,८४० तास. हातात येणाऱ्या वार्षिक उत्पन्नाला याने भागा. सहा दिवसांचा आठवडा असेल किंवा रजा कमी-जास्त असेल तर आकडा तसा बदला. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांनी फक्त ज्या तासांचं बिल होतं तेवढेच भाजकात घ्यावेत. कोटेशन देणं, वसुलीसाठी फोन करणं, हिशोब लिहिणं यांचे तास त्यात येत नाहीत, म्हणून त्यांचा खरा दर त्यांना वाटतो त्याहून बराच जास्त निघतो.

हा दर म्हणजे वरची मर्यादा, तंतोतंत किंमत नव्हे. नोकरदाराचा रात्री नऊचा तास कोणी विकत घेणार नसतं. त्या वेळी जातं ते उत्पन्न नसतं. झोप, व्यायाम, मुलांजवळ बसणं, नाहीतर नुसतं काहीच न करणं हे जातं. त्याला रुपयांत बसवण्याचा अट्टहास करू नका. पण संस्थेत वीस पानी अहवाल सजवण्यात चार संध्याकाळी घालवायच्या की नाही, हे ठरवताना आकडा डोळ्यांसमोर असला की उत्तर पटकन मिळतं.

बदली-खर्चात गंमत अशी की माणूस तोच, पण कामानुसार किंमत बदलते. सनदी लेखापाल संस्थेचे हिशोब तपासत असेल तर तो तास लेखापालाच्या दराचा. तोच माणूस कार्यक्रमानंतर खुर्च्या रचत असेल तर मदतनीसाच्या दराचा. खुर्च्या रचण्यात कमीपणा नाही, आणि कधीकधी सगळ्यांबरोबर हात लावण्यालाही मोल असतं. पण हिशोब तपासायला वेळ मिळाला नाही आणि खुर्च्या मात्र दर वेळी रचल्या, असं होत असेल तर तुमचे तास स्वस्तात जाताहेत.

म्हणून चार आठवड्यांची नोंद हातात आली की प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहा. 'क' म्हणजे हे माझ्याशिवाय इथे कोणाला जमणार नाही. 'ख' म्हणजे शिकवलं तर दुसरा करेल. 'ग' म्हणजे कोणीच केलं नाही तरी काही बिघडणार नाही. प्रामाणिकपणे लिहिलं तर 'क' ची संख्या धक्का बसेल इतकी कमी निघते. 'ग' लगेच बंद करा, परवानगी मागत बसू नका. एखाद्या महिन्याने कोणी विचारलंच तर बोलता येईल. सहसा कोणी विचारत नाही.

'ख' बाबत लोक अडतात ते एका वाक्यावर: "शिकवण्यापेक्षा मीच पटकन करतो." एकदाच करायचं असेल तर हे खरं आहे. पुन्हापुन्हा येणाऱ्या कामाचं गणित करून बघा. समजा दर आठवड्याला ४० मिनिटं लागणारं काम आहे. शिकवायला दोन तास, आणि पहिले चार आठवडे तपासायला दर वेळी १५ मिनिटं, म्हणजे आणखी एक तास. एकूण १८० मिनिटांची गुंतवणूक. पाचव्या आठवड्यात वाचलेला वेळ २०० मिनिटांवर जातो, तिथून पुढे सगळी बचत. काम वर्षभर चालणारं असेल तर न शिकवणं हाच महाग पर्याय. फक्त शिकवताना लिहून द्या: कोणती फाइल, कुठे आहे, कोणत्या क्रमाने, झाल्यावर कोणाला कळवायचं. एक पान पुरतं. लिहून दिलं नाही तर तपासणीचे पंधरा मिनिटांचे फोन चार आठवड्यांनी थांबत नाहीत.

आता मर्यादा. ती 'जमेल तेवढं' या शब्दांत कधीही सांगू नका. जमेल तेवढं म्हणजे समोरच्याच्या कानाला 'लागेल तेवढं'. आकडा काढा. आठवड्याचे १६८ तास. झोपेचे ५६ वजा, नोकरी आणि प्रवासाचे समजा ५२ वजा, घरची कामं, जेवणखाण, अंघोळ, बाजार यांचे ३५ वजा. उरतात २५. हे सगळे रिकामे नाहीत. यातच नातेवाईक, आजारपण आणि स्वतःची विश्रांती बसवायची आहे. माझ्या मते यातला चौथा हिस्सा, म्हणजे आठवड्याला सहा तास, ही दीर्घकाळ टिकणारी कमाल आहे. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे त्यांनी याच्या निम्मेच धरावेत. आणि संस्थेला सांगताना सहा सांगू नका, साडेचार सांगा. उरलेला दीड तास अडीअडचणीसाठी. पूर्ण सहा सांगितलेल्या माणसाकडे पहिल्याच गडबडीत सातवा आणि आठवा तास मागितला जातो.

कामाचा अंदाज देताना वेगळी चूक होते. डॅनियल कानेमान आणि अमोस त्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ती दाखवून दिली: माणूस सगळं सुरळीत झालं तर किती वेळ लागेल त्यावरून अंदाज बांधतो आणि अशाच आधीच्या कामांना प्रत्यक्षात किती लागला ते विसरतो. उपाय तुमच्या नोंदीतच आहे. मागच्या वेळचं पत्रक तयार करायला सात तास लागले असतील तर या वेळी चार लागतील असं म्हणू नका. नोंद नसेल तर मनात आलेल्या आकड्याची दीडपट सांगा. ज्यात तीनहून जास्त लोकांची संमती लागते, त्याची दुप्पट. काम तेवढंच असतं, दुरुस्त्या वाढतात.

हे सगळं ठरलं की एका व्यक्तीला लेखी कळवा, अध्यक्ष किंवा सचिव. ग्रुपवर नको. करारनामा वगैरे नको, एवढा मजकूर पुरे:

"नमस्कार सर, जूनपासून नोव्हेंबरअखेर मी संस्थेच्या जमाखर्चाचं काम पाहीन. महिन्याला १८ तास देऊ शकेन. यात पावत्या तपासणं, नोंदी करणं आणि दर महिन्याचं जमाखर्च पत्रक येईल. कार्यक्रमांचं नियोजन, देणगीदारांना फोन आणि वेबसाइट यात नाही. मेसेजना मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी उत्तर देईन. अगदी तातडीचं असेल तर फोन करावा. प्रवास आणि छपाईचा खर्च पावतीप्रमाणे मिळावा. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बसून पुढचं ठरवू."

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटचं. मुदत नसलेल्या कामातून बाहेर पडणं म्हणजे पळून गेल्यासारखं दिसतं, तुम्हालाही तसंच वाटतं. मुदत संपल्यावर थांबणं मात्र साधी गोष्ट असते, आणि पुढे चालू ठेवायचं असेल तर अटी बदलायची ती हक्काची वेळ. दुसरं महत्त्वाचं, काय येत नाही त्याची यादी. कामाची यादी सगळे देतात. कुंपण न दिल्यामुळे काम पसरत जातं.

खर्चाचं वाक्य वगळू नका. संकोचाने लोक प्रवास आणि छपाई खिशातून करतात आणि सहा महिन्यांनी त्याचाच राग काढतात. तुम्हाला तो खर्च देणगी म्हणून द्यायचा असेल तर आधी संस्थेकडून घ्या आणि मग देणगी म्हणून परत करा. दोन्ही व्यवहार वहीत येतात, संस्थेला कामाचा खरा खर्च कळतो. दिलेल्या वेळेची किंमत देणगी म्हणून करसवलतीला बहुतेक ठिकाणी चालत नाही. रोख देणगीचे नियम वेगळे असतात.

मानधनाबद्दल सावध राहा. बाजारभावाच्या दहाव्या हिस्स्याएवढं मानधन स्वीकारलं की तुमचं 'देणं' संपतं आणि 'घेणं' सुरू होतं, तेही स्वस्तात. मग पैसे देतोय ना, हा सूर लागतो. घ्यायचे तर योग्य दराने घ्या, नाहीतर फक्त खर्च घ्या. मधली वाट मला तरी कुणाच्याच फायद्याची वाटत नाही.

संस्था वेळ वाया घालवतात त्यामागे दुष्टपणा क्वचितच असतो. ज्याचं बिल येत नाही ते कोणी जपून वापरत नाही, एवढंच. व्यावसायिक डिझायनरकडे चौथ्यांदा दुरुस्ती मागताना माणूस विचार करतो, कारण ती वेगळी आकारली जाते. स्वयंसेवकाकडे अकराव्यांदा मागतो. म्हणून ज्यांचं काम कौशल्याचं आहे (डिझाइन, कायदा, हिशोब, भाषांतर, संगणक) त्यांनी काम संपल्यावर सेवामूल्य पत्रक द्यावं: काय केलं, किती तास, बाजारभावाने मूल्य किती, सवलत शंभर टक्के, देय रक्कम शून्य. त्यावर 'हे करबीजक (टॅक्स इन्व्हॉइस) नाही' असं स्पष्ट लिहा आणि आपल्या कर सल्लागाराला एकदा दाखवा. संस्थेलाही याचा उपयोग होतो. काही अनुदान देणारे संस्थेचा स्वतःचा वाटा मागतात आणि सही केलेले तासांचे तक्ते असतील तर स्वयंसेवकांच्या कामाचं मूल्य त्यात धरू देतात. हिशोबाची मानकं मात्र कडक असू शकतात. अमेरिकेतल्या मानकांप्रमाणे, कामातून एखादी मालमत्ता उभी राहिली नसेल तर ते काम विशेष कौशल्याचं असावं लागतं, ते कौशल्य असलेल्यानेच केलेलं असावं लागतं आणि एरवी ते विकतच घ्यावं लागलं असतं अशी स्थिती असावी लागते; तरच ते उत्पन्न म्हणून दाखवता येतं. खुर्च्या रचणं त्यात बसत नाही.

हे पत्रक वर्षातून एकदा किंवा काम संपल्यावर द्यायचं असतं, भांडणात फेकायचं नसतं. बोलताबोलता 'माझा तास इतक्याचा आहे' असं म्हणणं टाळा. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर झालेला एक प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. दंड काढून टाकल्यावरही ते कमी झाले नाहीत. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवण्याची लाज होती, नंतर तो पैसे देऊन मिळणारा वेळ झाला. संस्थेतही दराची भाषा रोज वापरली की लोक तुमच्या भिडेखातर जे करत होते तेही थांबतं. स्वयंसेवकांची आपसात तासांवरून तुलना तर कधीच करू नका.

'जरा पाच मिनिटं' हा सगळ्यात जुना सापळा. त्याला सरळ नकार देण्यापेक्षा प्रश्न विचारा: "हे घेतो, पण मग या महिन्यातलं कोणतं काम पुढे ढकलू?" तुमचे अठरा तास लेखी दिलेले असले तरच या प्रश्नाला अर्थ आहे. समोरच्याला आता निवड करावी लागते, आणि बऱ्याचदा ते पाच मिनिटांचं काम तितकं गरजेचं नव्हतं हे त्यालाच दिसतं. जे काम ठरलेल्या चौकटीबाहेरचं आहे त्याला: "हे माझ्याकडे नाही ताई, सचिवांना विचारा." कारण देऊ नका. कारण दिलं की त्यावर तोडगा सुचवला जातो. घरी पाहुणे आहेत म्हटलं की "मग परवा करा" येतंच.

रात्रीच्या मेसेजवर नुसतं नोटिफिकेशन बंद ठेवणं पुरत नाही, कारण एकदा वाचलेला मेसेज डोक्यात घोळतोच. ग्रुप अर्काइव्ह करा आणि ठरलेल्या दोन संध्याकाळी अर्धा-अर्धा तास बसून सगळ्यांना उत्तरं द्या. पहिले दोन-तीन आठवडे लोक बिचकतात, फोन करतात. मग त्यांना तुमचे वार पाठ होतात. यात एकदा जरी रात्री अकराला उत्तर दिलंत, तर वाट बघण्याची सवय मोडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हा सगळा हिशोब बाजूला ठेवायची वेळही येते. पूर, आग, अपघात, संस्थेतल्या कोणाच्या घरी मृत्यू. तिथे तास मोजू नयेत. पण अशा वेळीही दिवस ठरवा: तीन दिवस पूर्ण देतो, चौथ्या दिवशी दुसरा माणूस येईल. मदतकार्यात पहिल्या आठवड्यात गर्दी असते आणि तिसऱ्यात कोणी नसतं. राखून ठेवलेले तास तेव्हा लागतात. आणि दर महिन्याला एक 'आणीबाणी' येत असेल, तर ती आणीबाणी नसून नियोजनाचा अभाव आहे. अनुदानाच्या अर्जाची शेवटची तारीख तीन महिने आधी माहीत असते.

थांबायचं ठरलं तर सहा आठवडे आधी कळवा. पहिल्या दोन आठवड्यांत चालू कामांची यादी, फाइल कुठे आहेत, पासवर्ड कोणाकडे द्यायचे, कोणत्या तारखा ठरलेल्या आहेत आणि बाहेरच्या कोणाशी बोलणं चालू आहे हे लिहून काढा. पुढचे दोन आठवडे नव्या माणसाला शेजारी बसवून तुम्ही काम करा. शेवटचे दोन आठवडे त्याला करू द्या आणि तुम्ही बघा. खात्यांवरचा आणि बँकेच्या सहीवरचा तुमचा अधिकार शेवटच्या दिवशी काढून घेतला गेला की नाही, याची स्वतः खात्री करा. हे राहिलं तर वर्षभराने सहीसाठी फोन येतो. नवा माणूस मिळालाच नाही तरी तारीख हलवू नका. कागदपत्रं सचिवांकडे सोपवा, पोच घ्या आणि पुढचा एक महिना आठवड्यातून एकच फोन, वीस मिनिटांचा, एवढी सोय ठेवा.